जुना बांबूचा फ्लाय रॉड: काय पाहायचं, कशाला हात लावायचा

जुन्या बांबूच्या फ्लाय रॉडला, म्हणजे हलकी कृत्रिम माशी (फ्लाय) लांब फेकून मासे धरायच्या काठीला, काचपेपर लावायचा नाही. या लेखातलं बाकी सगळं विसरलात तरी चालेल, एवढं लक्षात ठेवा. आम्ही मिशिगनमध्ये राहतो. इकडे जुनी घरं विकली जातात तेव्हा बेसमेंटच्या कोपऱ्यात किंवा गॅरेजच्या तुळयांवर ॲल्युमिनियमच्या नळीत घातलेले रॉड सापडतात. मी आयुष्यभर टूलरूममध्ये काम केलं आणि आता हीच दुरुस्ती करतो हे मंडळातल्या लोकांना ठाऊक आहे, म्हणून ते रॉड घेऊन येतात. त्यातले कितीतरी आधीच कुणीतरी मोठ्या हौसेनं घासून चकचकीत केलेले असतात. अशा रॉडचं पुढे फारसं काही करता येत नाही, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं.

घासण्यानं एवढं काय बिघडतं, ते रॉडची बांधणी पाहिली की कळतं. अख्ख्या बांबूच्या लांब कामट्या काढायच्या, प्रत्येक कामटीचा छेद ६० अंशांचा त्रिकोण करायचा, आणि अशा सहा कामट्या साल बाहेर ठेवून एकमेकींना चिकटवायच्या. त्यातून भरीव षटकोनी काठी तयार होते. बांबूचे ताकदीचे तंतू सालीच्या लगेच खाली दाटीनं असतात, आत भुसभुशीत गाभा असतो. रॉडच्या टोकाशी समोरासमोरच्या दोन बाजूंमधलं अंतर सत्तरेक थाऊ, म्हणजे इंचाचे ७० हजारांश भरतं. प्रत्येक बाजूनं ५ थाऊ घासले की ७० चे ६० राहतात. काठीचा ताठपणा जाडीच्या चौथ्या घातानं बदलतो, म्हणजे तो जवळजवळ निम्म्यावर येतो. शिवाय जे गेले ते सगळ्यात मजबूत तंतू. षटकोनाच्या कडाही गोल होतात, आणि जाणकार माणूस रॉड हातात घेताच ते ओळखतो.

आधी ओळख पटवा

सुरुवात बांबूपासून करा. पहिले अमेरिकी रॉड ज्या बांबूचे होते त्याला इकडे ‘कलकत्ता केन’ म्हणत, कारण तो हिंदुस्थानातून कलकत्त्याच्या बंदरातून यायचा. त्यावर बऱ्याचदा भाजल्याचे काळे-तपकिरी डाग दिसतात. असे डाग दिसले तर घाईनं ते काढायला जाऊ नका. तुमच्या हातात कदाचित एकोणिसाव्या शतकातला रॉड असेल. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याची जागा चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातल्या ‘टोंकिन’ बांबूनं घेतली. जाड भिंतीचा, सरळ, गाठी दूर दूर असलेला हा बांबू. १९३१ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ फ्लॉइड मॅक्‌क्ल्युअर यांनी त्याला ‘अरुंडिनारिया अमाबिलिस’ हे शास्त्रीय नाव दिलं. पुढे कोरियाच्या युद्धात, १९५० मध्ये, अमेरिकेनं चीनशी व्यापार बंद केला आणि टोंकिनची आयात थांबली. त्याच सुमाराला फायबरग्लास आला. मोठ्या कारखान्यांचे बांबूचे रॉड त्यानंतर भराभर बंद पडत गेले. म्हणून आज सापडणारे बहुतेक रॉड १९२० ते १९५५ या काळातले असतात.

मग नाव शोधा. मुठीच्या वरच्या बाजूला बांबूवर शाईनं लिहिलेलं किंवा छाप उठवलेलं असतं, नाहीतर रीळ सीटच्या, म्हणजे दोरीचं रीळ बसवायच्या जागेच्या, धातूवर आणि बुडाच्या टोपीवर कोरलेलं असतं. भिंगानं, तिरक्या उजेडात पाहा. आमच्याच राज्यातल्या डोवाजियाक गावच्या हेडन कंपनीचे रॉड आकड्यानं ओळखले जातात: १७ म्हणजे ‘ब्लॅक ब्यूटी’, ३५ म्हणजे ‘पीअरलेस’, ५० म्हणजे ‘प्रेसिडेंट’. साउथ बेंड कंपनीच्या रॉडवर मॉडेल आणि लांबी जोडून लिहिलेली असते, ‘५९-९’ म्हणजे ५९ नंबरचं मॉडेल, ९ फुटी. चार आकडी नंबर दिसला तर जरा थांबा. डेन्व्हरच्या ग्रेंजर रॉडवर ९०५० असेल तर त्याचा अर्थ ९ फूट लांब, ५ औंस वजन. पण डेट्रॉइटच्या लाइल डिकर्सनच्या रॉडवर ८०१३ असेल तर तो ८ फुटी, आणि त्याच्या सांध्याचं माप इंचाचे १३/६४. या दोन रॉडच्या किमतीत जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

नाव नसेल तर बहुधा तो माँटेग किंवा हॉरॉक्स-इबॉटसन या कारखान्यांतून निघालेला साधा रॉड असतो. ते दुसऱ्या दुकानांच्या नावानंही माल बनवून देत. लाकडी पेटीत मखमलीवर बरेच तुकडे मांडलेला, दिसायला राजेशाही असा संच सापडला तर तो दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये भेटवस्तू म्हणून विकला जाणारा असतो. अमेरिकी सैनिकांनी ते ढिगानं आणले. पेटी दिवाणखान्यात छान दिसते, पण त्या रॉडला किंमत नाही आणि तो पाण्यावर नेण्यासारखाही नाही.

लांबी मोजा, सांधे तपासा

स्टीलची टेप घ्या. त्या काळचे बरेच फ्लाय रॉड तीन भागांचे असत आणि सोबत टोकाचा एक जादा भाग मिळे. टोक नाजूक असतं आणि तेच आधी मोडतं. बहुतेक रॉडमध्ये सगळे भाग एकाच लांबीचे असतात, ९ फुटी रॉडला प्रत्येकी साधारण ३७ इंच. सगळे भाग टेबलावर शेजारी शेजारी ठेवा. एखादं टोक इंच-दोन इंच आखूड दिसलं तर ते मोडलं होतं आणि कुणीतरी मोडक्या जागी टोकाची कडी पुन्हा बसवली आहे. त्यानं किंमत बरीच उतरते, कधी निम्म्यानं. विकणारा ‘थोडंसंच आखूड आहे’ म्हणेल, पण गेलेला तो इंच सगळ्यात बारीक, सगळ्यात लवचिक भागाचा असतो.

नंतर एकेक भाग डोळ्यासमोर धरून नळीतून पाहावं तसं त्याच्या लांबीवरून नजर टाका आणि हळूहळू फिरवा. कायमचा बाक आलेला असेल तर दिसेल. थोडा बाक चालतो, पीळ पडलेला असेल तर काम अवघड आहे.

आता कान लावायचा. दोन्ही हातांनी भाग धरून अगदी हलका पीळ द्या आणि थोडा वाकवा. करकर किंवा टिकटिक ऐकू आली तर कुठेतरी दोन कामट्यांमधला सरस सुटला आहे. जुन्या रॉडमध्ये जनावरांच्या कातडी-हाडांचा सरस वापरलेला असे, तो ओल्या हवेत हार मानतो. माझ्या ओळखीच्या एका कोकणातल्या घरात इंग्लंडच्या हार्डी कंपनीचा ‘पालाकोना’ रॉड होता. दिसायला धडधाकट, पण पावसाळी हवेनं त्याच्या मधल्या भागाच्या सगळ्या शिवणी उकलल्या होत्या. इंग्रज अधिकाऱ्यांनी काश्मीर, निलगिरी आणि मुन्नारकडे असे पुष्कळ रॉड आणले. भारतात कुणाला हार्डी मिळाला तर आधी या शिवणी तपासा.

सांधे धातूचे असतात, त्यांना फेरुल म्हणतात. चांगल्या रॉडला जर्मन सिल्व्हरचे, स्वस्त रॉडला निकेलचा मुलामा दिलेल्या पितळेचे. मुलामा उडालेल्या जागी पिवळं पितळ दिसलं की कारखान्याची पायरी कळते. रॉड जोडून हलवा. टक्‌टक् असा आवाज आला तर तो दोनपैकी एका ठिकाणचा असतो: फेरुल बांबूवर सैल झाला आहे, किंवा नर फेरुल मादीत सैल बसतो. पहिला दोष सहज दुरुस्त होतो, दुसरा नाही.

दुरुस्त करायचा की नाही

माझं मत स्पष्ट आहे. लेनर्ड, पेन, गॅरिसन, गिलम, पॉल यंग, डिकर्सन यांपैकी नाव निघालं तर काहीही करू नका. धूळ मऊ फडक्यानं पुसा, फोटो काढा, जाणकार विक्रेत्याला दाखवा. असे रॉड हजारो डॉलरना जातात, आणि संग्राहक मूळ वार्निश, मूळ रेशीम (कड्या बांधलेला धागा), मूळ पिशवी आणि मूळ नळी यांचे पैसे मोजतो. तडे गेलेलं जुनं वार्निश त्याला तुमच्या नव्या कोऱ्या वार्निशपेक्षा प्यारं असतं.

याउलट साउथ बेंड, माँटेग, हॉरॉक्स-इबॉटसनचा नेहमीचा ९ फुटी रॉड बऱ्या अवस्थेत शंभर-दीडशे डॉलरच्या आसपास जातो. व्यावसायिकाकडून पूर्ण दुरुस्ती करून घेतली तर त्याहून कितीतरी जास्त खर्च येतो. तेव्हा विकण्यासाठी असा रॉड दुरुस्त करायला देणं परवडत नाही. पण स्वतःच्या हातानं शिकण्यासाठी, त्यानं मासे धरण्यासाठी, किंवा तो आजोबांचा आहे म्हणून दुरुस्त करायला याच्याइतका चांगला रॉड दुसरा नाही. हेडन, ग्रेंजर, फिलिप्सन हे या दोन टोकांच्या मधले. ते माझे आवडते, कारण कारागिरी उत्तम आणि किंमत अजून सामान्य माणसाच्या आवाक्यात.

आणखी दोन गोष्टी किमतीवर परिणाम करतात. आजच्या मासेमारांना आखूड रॉड हवा असतो, त्यामुळे ८ फूट आणि त्याखालच्या रॉडला ९ फुटीपेक्षा जास्त मागणी आहे. पॉल यंगचा ६ फूट ३ इंचांचा ‘मिज’ त्याचं ठळक उदाहरण. दुसरी गोष्ट म्हणजे किंमत पाहताना विक्रेत्यानं मागितलेला आकडा पाहू नका, प्रत्यक्ष विक्री झालेला आकडा पाहा.

काम सुरू करताना

आधी वही. प्रत्येक गाइड (दोरी जिच्यातून जाते ती कडी) टोकापासून किती इंचांवर आहे, रेशमाची प्रत्येक पट्टी किती रुंद आहे, कडेला दुसऱ्या रंगाचे किती वेढे आहेत, गाइडच्या अधेमधे नुसत्या शोभेच्या पट्ट्या किती आहेत, सगळं लिहून घ्या. मूळ रंग कळत नसेल तर गाइडच्या पायाखालचं रेशीम पाहा. तिथं ऊन पोचलेलं नसतं.

मग नुसतं धुवा. कोमट पाण्यात किंचित सौम्य साबण, घट्ट पिळलेलं फडकं, लगेच कोरडं करायचं. कित्येकदा काळवंडलेल्या थराखाली मूळ वार्निश सुरेख निघतं आणि पुढचं काम वाचतं. बुचाच्या मुठीलाही एवढंच पुरे. मूठ घासून पांढरी करू नका, तिचा आकार ही त्या कारागिराची खूण असते. खड्डे असतील तर बुचाची पूड सरसात कालवून भरा.

ऑर्विस कंपनीच्या रॉडबाबत सावध राहा. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांनी बांबूमध्ये बेकलाइटच्या जातीची राळ मुरवायला सुरुवात केली. अशा रॉडवर वार्निशचा थर नसतोच. मऊ कापडानं मेण लावून पुसलं की तो उजळतो.

फेरुल सुटे करताना पीळ देऊ नका, पकड तर मुळीच लावू नका. सांध्याच्या दोन्ही बाजूंना जवळ धरून सरळ ओढायचं. निघत नसेल तर थोडं वाकून रॉड गुडघ्यांच्या मागे आडवा धरा, सांधा मधोमध, हात गुडघ्यांच्या बाहेरच्या बाजूला, आणि गुडघे फाकवून हातांना बाहेर ढकला. पायांची ताकद सरळ रेषेत लागते. तरीही हलला नाही तर दोघांनी मिळून करा: प्रत्येकानं एक हात सांध्याच्या एका बाजूला आणि दुसरा हात दुसऱ्या बाजूला ठेवायचा. सांध्याच्या फटीत स्पिरिटचा थेंब सोडून रात्रभर ठेवलं तर बहुतेक वेळा मळ सुटतो. आतली बाजू कापसाच्या काडीला स्पिरिट लावून साफ करा. नर फेरुलवर सर्वांत बारीक, चार शून्यांचं स्टील वूल अगदी हलक्या हातानं फिरवा आणि लगेच बसवून पाहा. इथं अर्धा थाऊसुद्धा खूप असतो. एकदा सैल झालेला फेरुल घट्ट करायला लेथ आणि अनुभव लागतो.

बांबूवर सैल झालेला फेरुल काढण्याआधी त्यात आरपार बारीक पिन आहे का पाहा. ती बारीक पंचनं बाहेर काढा. नंतर स्पिरिटच्या दिव्यावर फेरुल फिरवत थोडा तापवला की जुनं चिकट द्रव्य मऊ होतं. ज्योत धातूवर, बांबूवर नाही. पुन्हा बसवताना गरम करून वितळणारं फेरुल सिमेंट वापरा, कारण पुढे कुणाला तो काढायचा असेल तर काढता यायला हवा. इपॉक्सी लावलेला फेरुल पुढच्या माणसाच्या हातात बांबूसकट तुटतो.

उकललेली शिवण चिकटवणं हे मला सगळ्यात समाधान देणारं काम. भाग काही दिवस कोरड्या उबदार जागी ठेवा. फटीतला जुना सरस दात कोरायच्या काडीनं काढा. पातळ पात्यानं फट जराशी उघडी धरून लाकडाचा चांगला गोंद किंवा हळू घट्ट होणारं इपॉक्सी आत सरकवा. मग सुती दोऱ्यानं एका दिशेनं आणि लगेच उलट दिशेनं असं फुलीफुलीत घट्ट बांधा. एकाच दिशेनं बांधलं तर काठीला पीळ पडतो. बांधून झाल्यावर सपाट टेबलावर लोळवून सरळ करा आणि वर आलेला गोंद ओला असतानाच पुसा. वाळल्यावर तो काढायला पुन्हा घासावं लागतं, आणि घासणं आपल्याला टाळायचंच आहे.

बाक काढताना घाई नको. भाग उष्णतेवर सतत फिरवत ठेवा, बाकाच्या उलट दिशेला किंचित जास्त वाकवा आणि थंड होईपर्यंत तसाच धरा. सरसाच्या रॉडला जास्त ताप सोसत नाही आणि वार्निशला फोड येतात, म्हणून वार्निश काढायचं असेल तेव्हाच हे करा. थोड्या बाकासाठी जुन्या कारागिरांची सोपी युक्ती आहे: गाइड नव्यानं बांधतानाच ते विरुद्ध बाजूला बांधा. मासेमारी करता करता बाक हळूहळू सरळ होतो.

वार्निश काढावंच लागलं तर पात्याची मागची, धार नसलेली कड उभी धरून खरवडा. वार्निशचे कपटे निघतील, बांबू शाबूत राहील. मुठीच्या वर शाईनं लिहिलेलं आहे तो भाग सोडून द्या. ते अक्षर वार्निशबरोबरच जातं आणि त्यासोबत रॉडची ओळखही. रेशीम कापताना पातं गाइडच्या धातूच्या पायावरच फिरवा.

नवं रेशीम बांधायला इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकाराचे दोन लाकडी ठोकळे आणि ताणासाठी जाड पुस्तकाच्या पानांतून ओढलेला धागा एवढं पुरतं. रॉड फिरवायचा, धागा नाही. गाइडच्या पायांची टोकं कानशीनं निमुळती करा, नाहीतर ती बांबूत रुततात. शेवटच्या सहा-सात वेढ्यांखाली दोऱ्याचा फास ठेवा आणि धाग्याचं टोक त्यातून ओढून घ्या. रेशीम वार्निश पितं आणि गडद होतं, लाल रंग तपकिरीकडे झुकतो, फिक्कट रंग तर पारदर्शक होतो. गॅरिसननं पांढरं रेशीम मुद्दाम याचसाठी वापरलं. तुमचा रंग आधी बांबूच्या तुकड्यावर बांधून, वार्निश लावून पाहा. अकीकाची गाइड असेल तर तिच्या आतून नायलॉनचा मोजा ओढून पाहा. धागा अडकला तर दगडाला तडा आहे आणि तो दोरी कापेल.

वार्निश स्पार जातीचं (बोटींना लावतात तसलं), गाइड बांधण्याआधी. उभ्या नळीत वार्निश भरून त्यात भाग बुडवायचा आणि मिनिटाला दोन-तीन इंच अशा सावकाश गतीनं वर काढायचा. मी जुन्या छोट्या मोटरला दोरी बांधतो. दोन-तीन पातळ थर, मध्ये पूर्ण वाळू द्यायचं. रेशमावर वेगळं, बारीक ब्रशनं.

शेवटी दोरी. जुन्या रॉडवर अक्षरं लिहिलेली असतात ती रेशमी दोरीच्या जाडीची. एचडीएच असेल तर आजची दोन्ही बाजूंनी निमुळती ६ नंबरची दोरी घ्या, एचसीएच असेल तर ७, एचईएच असेल तर ५. शंका असेल तर एक नंबर हलकी. मासेमारीहून आल्यावर रॉड ओला असताना नळीत कधीच घालू नका. पुसून, पिशवीतून बाहेर काढून रात्रभर टांगा. पिशवी वेगळी वाळवा. आणि भिंतीला टेकवून उभा ठेवू नका, नाहीतर महिन्याभरात पुन्हा बाक येतो.